गोडी विस्तवात पिकते

एकाच ढिगातली, सारख्या जाडीची दोन रताळी घ्या. एक धुऊन मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. पाच-सहा मिनिटांत ते मऊ होईल. दुसरे चुलीतल्या गरम राखेत पुरा, आणि चूल नसेल तर ओव्हनमध्ये तासभर भाजा. मग दोन्ही सोला आणि मीठ-तूप काहीही न लावता चाखून पाहा. पहिले शिजलेले असेल, पण कोरडे, पिठूळ आणि बेताचेच गोड. दुसऱ्याची साल सुटून आलेली असेल, गर ओलसर आणि दाट झालेला असेल. सालीच्या चिरेतून पाकासारखा चिकट थेंब बाहेर येऊन तिथेच खरपूस झालेला असेल आणि वास थेट काकवीच्या जवळ जाणारा असेल. रताळी एकाच शेतातली, कदाचित एकाच वेलाची. मग एवढा फरक आला कुठून?

‘रताळे मुळातच गोड असते’ असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. कच्च्या रताळ्यात साखर असतेच, पण भाजलेल्या रताळ्याची जी गोडी आपण वाखाणतो, तिचा मोठा वाटा भाजता भाजता तयार होतो. तो तयार व्हायला वेळ लागतो आणि भाजणाऱ्याने घाई केली तर तो तयारच होत नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली, की रताळी कशी निवडावीत, कुठे ठेवावीत, किती आचेवर भाजावीत आणि पानात कशाशेजारी वाढावीत, या सगळ्याची उत्तरे आपोआप सापडत जातात.

कंदाच्या आत काय घडते

कच्च्या रताळ्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. उरलेल्या भागात बहुतेक पिष्ट, म्हणजे स्टार्च, आणि त्याच्या जोडीला थोडी साखर व तंतू असतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांच्या लांबच लांब माळा. मणी सुटा असला तर जिभेला गोड लागतो. माळेत ओवलेला असला तर जिभेला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून कोरडे पीठ तोंडात टाकले तर गोड लागत नाही. पण भाकरीचा घास खूप वेळ चावत राहिले, की हळूहळू गोडसर चव येऊ लागते. लाळेतले विकर या माळा तोडू लागलेले असते. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व साध्या नाचणीपेक्षा गोडसर लागते, त्याचेही कारण हेच. मोड येताना धान्यात अशीच विकरे जागी होतात.

रताळ्याजवळ हे विकर आधीपासूनच भरपूर असते. त्याचे नाव बीटा-अमायलेज. ते माळेच्या टोकापासून दोन-दोन मणी तोडत जाते. दोन मण्यांची ती जोडी म्हणजे माल्टोज नावाची साखर. मात्र कच्च्या कंदात पिष्टाचे कण इतके घट्ट बांधलेले असतात, की विकराला त्यात दात रोवता येत नाहीत. रताळे तापू लागले, आतले तापमान साधारण ५७ अंश सेल्सिअसच्या पुढे सरकले, की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, सैल होतात आणि विकराला वाट मिळते. पुढे ७५ अंशांच्या आसपास पोहोचल्यावर उष्णतेने विकर स्वतःच निकामी होऊ लागते. म्हणजे गोडी तयार व्हायला मिळतो तो ५७ ते ७५ अंशांमधला पट्टा. रताळे या पट्ट्यातून किती सावकाश जाते, यावर त्याची चव ठरते.

मायक्रोवेव्हमध्ये रताळे हा पट्टा चटकन ओलांडते आणि विकराला काम करायला सवडच मिळत नाही. कुकरचेही तेच. उलट राखेत पुरलेल्या किंवा ओव्हनमध्ये अख्ख्या ठेवलेल्या जाड रताळ्यात उष्णता सालीपासून गाभ्याकडे इंचाइंचाने सरकते. प्रत्येक थर त्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतो. ओलसर गराच्या काही जातींत अशा भाजण्याने तीन-चतुर्थांशापर्यंत पिष्टाचे माल्टोज होऊ शकते. माल्टोज आपल्या नेहमीच्या साखरेच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच गोड असते, पण ते इतके तयार होते की सगळा गर गोड होऊन जातो. पिष्ट कमी झाल्यामुळेच त्याचा पिठूळपणा जातो आणि गर खव्यासारखा मऊ लागतो.

विकराचे काम संपले, तरी भाजण्याचे संपत नाही. आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि उरलेल्या गोडीला दाटपणा येतो. सालीजवळ पाणी आटले, की तिथले तापमान शंभर अंशांच्या वर चढते. साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी अभिक्रिया करून तांबूस रंग आणि खरपूस वास तयार करतात. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास याच अभिक्रियेतून येतात. उकडलेल्या रताळ्याला हा वास कधीच येत नाही, कारण पाण्यात तापमान शंभराच्या वर जातच नाही.

राखेची हुशारी

गावाकडे रात्रीच्या भाकरी झाल्या, की चुलीतले निखारे मागे ओढून फुफाट्यात रताळी पुरायची रीत होती. ती रीत काटकसरीची होती. विझत चाललेला विस्तव वाया जाऊ द्यायचा नाही, एवढाच तिच्यामागचा विचार. पण वर सांगितलेल्या हिशेबाने पाहिले, तर याहून चांगली भट्टी सापडणे कठीण. राख उष्णता फार हळू पोहोचवते. ती निखाऱ्याची धग सालीला थेट लागू देत नाही आणि विस्तव मंदावला तरी ऊब धरून ठेवते. घरातली जेवणे उरकून भांडी घासून होईपर्यंत रताळी तयार झालेली असत. हुरड्याच्या दिवसांत शेतात गोवऱ्यांची आगटी पेटते, तेव्हाही कणसे भाजून झाल्यावर मागे उरलेल्या आरात रताळी जातात. रताळ्याची काढणी आणि हुरडा हिवाळ्यातच जवळजवळ येतात, त्यामुळे ही जोडी आपसूक जुळली.

दिल्लीत थंडी पडली, की हातगाडीवर कोळशाच्या धगीशी शकरकंद रचून ठेवलेले दिसतात. ते तिथे तासन् तास मंद भाजत राहतात. गिऱ्हाईक आले की सोलून, फोडी करून, त्यावर मसाला आणि लिंबू घालून पानाच्या द्रोणात देतात. सोबत कमरख नावाच्या आंबट फळाच्या चकत्या असतात. चीनच्या शहरांत हिवाळ्यात तेलाच्या जुन्या पिंपांची भट्टी करून रताळी भाजतात.

जपानने तर या भाजण्याचे शास्त्रच केले. १७३२ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर १७३५ मध्ये आओकी कोन्यो या विद्वानाने शोगुनच्या आज्ञेवरून एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, रताळ्याच्या लागवडीचे प्रयोग केले. दुष्काळात तगवणारे पीक म्हणून आलेले रताळे पुढे एदोकरांचा आवडता खाऊ झाले. भाजलेल्या रताळ्याच्या दुकानांवर ‘तेरा री’ अशी पाटी लागे. ‘री’ हे अंतराचे जुने जपानी माप. चेस्टनट या फळाला जपानीत ‘कुरी’ म्हणतात आणि ‘कु री’ म्हणजे नऊ री. ‘योरी’ म्हणजे ‘पेक्षा’ आणि ‘यो री’ म्हणजे चार री. नऊ आणि चार तेरा. म्हणजे ‘चेस्टनटपेक्षाही चवदार’ हे सांगायला त्यांनी बेरीज वापरली. आजही तिथे तापलेल्या गारगोट्यांत रताळी पुरून भाजतात. त्याला ‘इशी-याकी-इमो’ म्हणतात. आपली राख आणि त्यांचे दगड एकच काम करतात, धग अडवून ऊब देतात. पिठूळ रताळ्याला जपानीत ‘होकु-होकु’ आणि ओलसर, चिकट गराच्या रताळ्याला ‘नेत्तोरी’ असे वेगळे शब्द आहेत. खाणारा समाज एखाद्या पदार्थाकडे किती बारकाईने पाहतो, हे अशा शब्दांवरून कळते.

बटाट्याने पळवलेले नाव

रताळे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातले. कॅरिबियन बेटांवरचे ताईनो लोक त्याला ‘बटाटा’ म्हणत. कोलंबसाच्या सफरींनंतर ते युरोपात पोहोचले आणि हा शब्दही सोबत गेला. पुढे अँडीज पर्वतातला दुसरा एक कंद युरोपात आला, तेव्हा दोघांच्या नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीजांनी त्या नव्या कंदालाही ‘बटाटा’ म्हटले आणि तोच शब्द त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरून मराठीत रुजला. म्हणजे आज आपण वडापावातल्या ज्या भाजीला बटाट्याची भाजी म्हणतो, ते नाव मुळात रताळ्याचे.

मग रताळ्याला आपण काय म्हणालो? संस्कृतात ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा कंद. गुजरातीत आणि हिंदीत ‘रतालू’ म्हणजे अजूनही जांभळा गोराडू, आपल्याकडचे कोनफळ. गुजराती उंधियूत तो असतो. मराठीने मात्र ते नाव पोर्तुगीजांमार्फत आलेल्या या तांबड्या सालीच्या पाहुण्याला देऊन टाकले.

नावांची अशी देवाणघेवाण झाली, तरी रताळे बटाट्याचे नातलग नाही. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला; रताळ्याचे कूळ वेगळे. कोकणच्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेल, अंगणातली लाल फुलांची गणेशवेल, पाणथळ जागी वाढणारी नाळीची भाजी आणि तळ्याकाठची बेशरम ही रताळ्याची सख्खी भावंडे. रताळ्याचे फिकट जांभळे, नरसाळ्यासारखे फूल पाहिले की नाते लगेच ओळखू येते. शिवाय बटाटा हे जमिनीत फुगलेले खोड आहे आणि रताळे हे फुगलेले मूळ. म्हणून बटाट्यासारखे कंदाचे डोळे न लावता रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी करतात.

उपासाच्या ताटात रताळ्याला मान मिळाला तो ते धान्य नसल्यामुळे. त्या ताटाकडे एकदा या नजरेने पाहा. रताळे, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, ज्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद आणि राजगिरा, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. आपल्या आजी-पणजींनी त्यांना पारखले, ‘हे धान्य नाही, हे चालेल’ असा निवाडा दिला आणि एकादशीच्या पानात बसवले. परक्याला घरचा करून घेण्याचे एवढे शहाणपण स्वयंपाकघराइतके क्वचितच कुठे दिसते.

निवडताना आणि ठेवताना

आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र आली की बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. करमाळा भागातून आणि बेळगावकडून माल येतो. ढिगातले सर्वांत जाड रताळे उचलण्याचा मोह टाळावा. भाजायला दीडशे ते अडीचशे ग्रॅमची, मध्यम जाडीची, दोन्ही टोकांकडे निमुळती होणारी रताळी उत्तम. ती सगळीकडून सारखी भाजतात. घेताना ती एकमेकांच्या जाडीची घ्यावीत, म्हणजे एकाच वेळी तयार होतात.

साल घट्ट, न सुरकुतलेली असावी. सालीवर बारीक भोके दिसली तर ते रताळे घेऊ नये. सोंड असलेला एक छोटा भुंगा रताळ्यात शिरून आत पोखरतो. त्याच्याशी झुंजताना कंद कडू द्रव्ये तयार करतो आणि ती पोखरलेल्या जागेपुरती राहत नाहीत. म्हणून किडका भाग कापून उरलेले भाजणे योग्य नव्हे. बुरशी आलेले किंवा कडू लागलेले रताळे सरळ टाकून द्यावे, गुरांनाही घालू नये. त्यातली काही द्रव्ये जनावरांच्या फुप्फुसांना घातक ठरतात. मोड आलेल्या रताळ्याची मात्र भीती बाळगू नये. मोड आलेल्या किंवा हिरव्या पडलेल्या बटाट्यात जे विष तयार होते, ते रताळ्यात होत नाही. मोड खुडून टाकावा आणि रताळे घट्ट असेल तर खुशाल भाजावे.

ताजे खणलेले रताळे सर्वांत गोड असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते थोडे मुरू द्यावे लागते. काढणीनंतर २९ ते ३२ अंश तापमानात आणि दमट हवेत चार ते सात दिवस ठेवले, तर खणताना झालेल्या जखमांवर नवी साल धरते आणि कंद टिकाऊ होतो. त्यानंतर साठवणीत हळूहळू काही पिष्टाची साखर होत राहते. घरी एवढी व्यवस्था नसली, तरी आणलेली रताळी न धुता, टोपलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी आठवडाभर ठेवली तर चवीत फरक पडतो.

आणि एक मोठी चूक टाळावी. रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. हे उष्ण प्रदेशातले पीक आहे. १२ अंशांच्या खालची थंडी त्याला सोसत नाही. फ्रिजमधल्या रताळ्याचा गाभा कितीही भाजला तरी मध्येच कडक राहतो आणि चव बेचव होते. अनेकदा दोष आपण रताळ्याच्या जातीला देतो, तो खरा फ्रिजचा असतो.

भाजण्याच्या चार रीती

*निखाऱ्यावर.* ज्वाला असताना रताळी घालू नयेत. लाकूड जळून निखारे झाले आणि त्यांवर पांढरी राख धरली, की ते बाजूला सारून गरम राखेत रताळी पुरावीत आणि वर थोडे निखारे पसरावेत. अर्ध्या तासाने एकदा उलटावीत. पाऊण ते एका तासात होतात. चिमट्याने दाबल्यावर सहज दबले, की झाले. ओल्या फडक्याने राख पुसावी आणि पाच-दहा मिनिटे तसेच ठेवून मग सोलावे.

*गॅसवर.* वांग्यासारखे थेट ज्वाळेवर रताळे धरू नये. वांग्याचा गर पोकळ आणि पाणीदार, त्यात धग लवकर शिरते. रताळे घट्ट, त्यामुळे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे अशी गत होते. त्याऐवजी जाड लोखंडी कढईत बोटभर जाडीचा खडेमिठाचा थर द्यावा, तो तापला की त्यावर रताळी ठेवून घट्ट झाकण घालावे आणि अगदी मंद आचेवर ठेवावे. दर पंधरा मिनिटांनी फिरवावे. मध्यम रताळ्याला पाऊण तास ते एक तास लागतो. शेवटी झाकण काढून, हवे तर दोन मिनिटे जाळीवर धरून साल खरपूस करावी. मीठ गार झाले की बरणीत भरून पुढच्या खेपेला वापरता येते.

*ओव्हनमध्ये.* एरवी आपण ओव्हन आधी तापवून घेतो. इथे ते करू नये. धुऊन, पुसून कोरडी केलेली अख्खी रताळी गार ओव्हनमध्येच जाळीवर ठेवावीत, खाली पाक गळायला थाळी ठेवावी आणि मग २०० अंशांवर ओव्हन सुरू करावा. सावकाश तापणे हाच इथे फायदा. सव्वा तासाच्या आसपास ती तयार होतात. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नयेत; आतली वाफ आतच राहते आणि रताळे भाजण्याऐवजी उकडते. एअर फ्रायर असेल तर आधी १२० अंशांवर अर्धा तास आणि मग २०० अंशांवर वीस मिनिटे असे दोन टप्पे करावेत.

*फोडी करून.* जेवणाआधी हातात घेऊन खायला फोडी सोयीच्या. पण फोडी लहान, त्या पटकन तापतात आणि गोडी तयार व्हायला वेळ मिळत नाही. त्यावर एक चांगला उपाय आहे. अर्धा किलो रताळ्यांच्या सालीसकट दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. पाणी उकळून खाली उतरवावे, चार-पाच मिनिटे निवू द्यावे आणि ते ऊब टिकवणाऱ्या डब्यात, म्हणजे आपण पोळ्या ठेवतो त्या कॅसरोलमध्ये, फोडींवर भरपूर ओतून झाकण लावावे. तासभर तसेच ठेवावे. फोडी नेमक्या त्या गोडीच्या पट्ट्यात राहतात. शिवाय या तापमानाला त्यांच्या पेशींमधले पेक्टिन बळकट होते, म्हणून पुढे भाजताना त्या मोडत नाहीत. मग निथळून फडक्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात, दोन चमचे शेंगदाण्याचे तेल, मीठ आणि चमचाभर शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ चोळावे. उपास नसेल तर तांदळाचे पीठ चालेल. थाळीत एकमेकींना न चिकटता पसरून तापलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे भाजाव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात. दाटीवाटी केली तर वाफ कोंडते आणि कुरकुरीतपणा येत नाही. साखर जास्त असल्याने या फोडी बटाट्यापेक्षा लवकर करपतात, म्हणून शेवटची दहा मिनिटे तिथून हलू नये. रंग तांबूस झाला की थांबावे. काळी पडलेली कड कडू लागते आणि ती खाण्यात काही हितही नाही.

चिरलेले रताळे हवेत काळे पडते, तेव्हा फोडी करताच पाण्यात टाकाव्यात. चिरताना निघणारा पांढरा चीक बोटांना चिकटतो. हाताला आधी थोडे तेल लावले की त्रास होत नाही.

पानाच्या डाव्या बाजूला

आपल्या ताटात डावी बाजू चटणी, कोशिंबीर, लिंबू, लोणचे यांची. मुख्य जेवणाला उठाव देणारे सगळे तिथे असते. भाजलेले रताळे आपण फराळाच्या बशीतच ठेवले आहे. त्याला या डाव्या बाजूला जागा द्यायला हवी. नियम सोपा आहे: त्याच्या गोडीशेजारी आंबट, तिखट आणि खारट असावे. दिल्लीच्या गाडीवाल्याने कमरख ठेवले ते याच जाणिवेने.

सर्वांत साधे असे: गरम रताळे उभे चिरावे, गर काट्याने थोडा सैल करावा, वर चमचाभर तूप, सैंधव आणि ताजी मिरपूड घालावी. त्याच्यापुढची पायरी म्हणजे भरीत. भाजलेल्या रताळ्याचा गर हाताने मोडून घट्ट दह्यात कालवावा, दाण्याचे कूट घालावे आणि तूप, जिरे, हिरवी मिरची यांची फोडणी द्यावी. उकडलेल्या रताळ्याचे भरीत गुळगुळीत आणि एकसुरी लागते. भाजलेल्याचे केले तर दह्याच्या आंबटपणात मधेच खरपूस चव येते. उपास नसेल त्या दिवशी त्यात बारीक कांदा आणि कोथिंबीर घालावी.

पाहुण्यांसमोर ठेवायच्या फोडींवर गरम असतानाच लिंबू पिळावे आणि शेजारी मिरचीचा ठेचा व पातळ ताकातली शेंगदाण्याची चटणी ठेवावी. लसणीची सुकी चटणीही या फोडींवर छान लागते. ज्वारीची भाकरी आणि मटकीची झणझणीत उसळ, किंवा तिखट रस्सा असेल, तर त्या ताटात दोन फोडी भाजलेले रताळे ठेवून पाहा. तिखटाने पोळलेल्या जिभेला ते जो आराम देते, तो साखरेचे पक्वान्न देत नाही.

तब्येतीचा हिशेब

शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे ८६ कॅलरी आणि ३ ग्रॅम तंतू असतात. मात्र ज्या भाजण्याने गोडी येते, तेच मधुमेहींनी लक्षात ठेवावे. उकडलेल्या रताळ्यापेक्षा भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर लवकर चढते. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी उकडलेले रताळे निवडावे, किंवा भाजलेल्याच्या एक-दोनच फोडी दही-दाण्यांसोबत घ्याव्यात.

आपल्याकडच्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व देणारे बीटा-कॅरोटिन नगण्य असते. नारिंगी गराच्या रताळ्यात ते भरपूर असते. आफ्रिकेत मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता या नारिंगी रताळ्याने भरून काढण्याच्या कामाबद्दल मारिया अँड्रेड, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या शास्त्रज्ञांना, हॉवर्थ बूइस यांच्यासह, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळ्या गराची जात तयार केली आहे. बीटा-कॅरोटिन अंगी लागायला स्निग्धता लागते, तेव्हा नारिंगी रताळ्यावरचा तुपाचा चमचा केवळ चवीचा नाही.

या सगळ्यात महाग काहीच नाही. रताळे स्वस्त, मीठ-तूप घरचे आणि भाजण्याची रीत आपल्याच चुलीतली. लागतो तो फक्त एक तास, आणि त्या तासातही उभे राहावे लागते ते क्वचितच. येत्या एकादशीला कुकर खाली ठेवा, रताळी तासभर आधी मंद आचेवर चढवा आणि सालीतून पाकाचा पहिला थेंब बाहेर येईपर्यंत थांबा.